पैलवानाचा नवा कान

मी अँटेना बोलतोय. तुमच्या गच्चीवर कावळे बसायचे, ती काटकुळी अँटेना नव्हे. माझी रुंदी पंचेचाळीस मीटर. माझ्या परातीत एक अख्खं लग्न वऱ्हाडासकट आणि पंगतीसकट आरामात मावेल. फक्त आमटी खाली गळेल, कारण मी आहे तारेच्या जाळीचा. वारा माझ्यातून आरपार जातो, पाऊस माझ्यातून झिरपतो आणि चिमण्या मला आपलं झाड समजतात.

खोडदच्या दुर्बिणीतल्या तीस भावंडांपैकी मी एक. निम्मी भावंडं खोडदजवळ एकत्र कुटुंबात राहतात. आम्ही उरलेले मात्र वाटण्या झाल्यासारखे लांब लांब पांगलोय. मी उभा आहे पिंपरी पेंढारच्या बाजूला, कांदा, ऊस आणि बाजरीच्या मधोमध. जमिनीखालून एक काचेची तार जाते, तिच्यातून मी ऐकलेलं सगळं खोडदला कळवतो.

हो, मी ऐकतो. दुर्बीण म्हटली की लोक डोळा लावायला जागा शोधतात. माझ्याकडे डोळा नाही, कान आहे. ताऱ्यांकडून, दीर्घिकांकडून रेडिओच्या लहरी येतात. त्या इतक्या क्षीण असतात की शेजारून एखादी जुनी मोटरसायकल फटफटत गेली तरी तिच्या ठिणग्यांपुढे आकाशातलं बोलणं बुडून जातं. भर बाजारात कुणी कानात कुजबुजावं, तशी माझी गत.

रस्त्याने जाणाऱ्या पाहुण्यांना मात्र हे पटत नाही. एक म्हणतो, मी मिलिट्रीचा. दुसरा म्हणतो, याच्यावर परदेशातले सिनेमे दिसतात. तिसरा तर छातीठोकपणे सांगतो की मी ढग पळवतो! पाऊस पडला तर माझं नाव कुणी घेत नाही, उघडीप पडली की खापर माझ्या माथ्यावर. मी मान वळवून दुसरीकडे बघतो. सवय झाली आहे.

माझा जन्म झाला तेव्हा दादाभाऊ सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. ते खोडदचेच. माझी जाळी ताणायला जी पोरं कामावर घेतली होती, त्यांत हे. एकेक तार हाताने बांधायची, पुन्हा ओढून बघायची. हाताला फोड आले की ते जाळीला शिव्या द्यायचे आणि फोड बसले की तिच्यावरून हात फिरवायचे. मी पहिल्यांदा मान वर केली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते म्हणाले, "आरं, ह्यो तर पैलवान हाये!" तेव्हापासून मी पैलवान.

पुढे तेच माझे मेकॅनिक झाले. माझ्या मानेत आणि कमरेत मोठमोठी दातेरी चाकं आहेत. त्यांना वंगण लावणं, मोटरी तपासणं, नटबोल्ट पिळणं, हे सगळं त्यांच्याकडे. मला एक खोड आहे. पूर्वेकडे वळताना माझ्या कमरेतून 'कुंईंऽऽ' असा आवाज येतो. मोठमोठ्या इंजिनिअरांनी कारण शोधलं, सापडलं नाही. दादाभाऊ म्हणतात, "पैलवान हाये, उठता-बसता कण्हणारच की."

दहा-बारा वर्षांमागे आमची एकदा सुधारणा झाली होती. कान बदलले, तारा बदलल्या. मला वाटलं, आता निवांत. पण माणसाच्या स्वभावात निवांत बसणं नाही. त्याला ऐकू आलं की आणखी ऐकावंसं वाटतं. मग एक नवा विषय निघाला: पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या दुर्बिणीचं काय करायचं? त्याच्या बैठका सुरू झाल्या. आराखडा लिहायला घेतला. चहाचे किती कप झाले, ते त्या आराखड्यात लिहिलेलं नाही.

माझ्या पायथ्याशी एक खोली आहे. तिथे बसून माणसं बोलतात आणि माझा कान आकाशाकडे असला तरी पाय जमिनीवरच आहेत. सगळं कळतं. नवीन अँटेना उभ्या करायच्या, जुन्यांना नवे कान द्यायचे, असा बेत होता. आणि एक कुजबुज होती, तिने माझी झोप उडवली. 'ज्यांच्यावर नवा कान नीट बसणार नाही, असे जुने काढून टाकायचे.' कण्हणाऱ्यांमध्ये पहिला नंबर कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

नवा कान तयार केला होता मोहिनीने. मोहिनी पारगावची. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते, ही शिकून इंजिनिअर झाली. अंगाने शिडशिडीत, बोलणं मोजकं, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की घाण्यात घातलेल्या उसासारखी शेवटच्या थेंबापर्यंत पिळायची. तीन वर्षं ती या कानावर खपत होती. माझा जुना कान एका वेळी आकाशाचा नखाएवढा तुकडा ऐकतो. हा नवा कान त्याच वेळी शेजारचे तीसेक तुकडे ऐकणार होता. म्हणजे महिन्याचं काम एका दिवसात! आराखड्याचा अर्धा भार या कानावर होता आणि तो खरंच चालतो का, हे आधी एका अँटेनावर बसवून बघायचं होतं.

"कुठल्या अँटेनावर?" हा प्रश्न आला तेव्हा माझ्या पायथ्याच्या खोलीत तिघं जण होते. मोहिनी, दादाभाऊ आणि तिच्या गटाचे प्रमुख भरत सर. सर तसे भले गृहस्थ, पण घड्याळ उजव्या हातात आणि काळजी डाव्या हातात धरून फिरणारे.

दादाभाऊ म्हणाले, "पैलवानावर लावा, मॅडम. वळताना कण्हतो, पर येकदा नजर लावली की वाऱ्यानं बी ढळत न्हाई."

सर म्हणाले, "त्याचा आवाज…"

"आवाज कमरंत हाये सर, कानात न्हाई."

मोहिनी हसली आणि माझं नशीब ठरलं.

गौरी-गणपती झाले आणि नवा कान माझ्या डोक्यावर चढला. पहिले दोन दिवस आभाळ भरलेलं होतं आणि काम झकास चाललं. मी इतकं काही ऐकत होतो की आधीची तीस वर्षं मी कानात कापूस घालून काढली की काय, असं वाटायला लागलं. मोहिनी पडद्याकडे बघून गालातल्या गालात हसायची.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. सकाळी नऊच्या सुमारास माझ्या कानात खरखर सुरू झाली. खर्र-खट, खर्र-खट. जणू कुणी पत्र्यावर खडे घासतंय. पडद्यावर पांढऱ्या रेघांची झुडपं उगवली आणि त्यांत सगळे तारे हरवले. संध्याकाळी पाचच्या पुढे खरखर आपोआप थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बाहेरून येणारी खरखर शोधायची एक गाडी असते. ती दोनदा शिवारात फिरली. दोन्ही वेळा नेमकं आभाळ भरून आलं आणि गाडीला काहीच सापडलं नाही. मग सरांनी निष्कर्ष काढला.

"मोहिनी, ऊन असलं की खरखर, ऊन गेलं की शांत. म्हणजे तुझ्या कानाची पेटी तापते आहे. दोष आतच आहे."

"सर, पेटी तापण्याचा हिशेब मी तीनदा केलाय."

"गुरुवारी समिती येते आहे. खरखर थांबली नाही, तर आराखड्यात मला हा कान लिहिता येणार नाही. आणि या अँटेनाबद्दलही लिहावं लागेल."

या अँटेनाबद्दल म्हणजे माझ्याबद्दल. पोलादाला घाम फुटत नाही, नाहीतर त्या दिवशी खाली पाझर फुटला असता.

सोमवारी दादाभाऊंनी एक ओलं गोणपाट आणलं. "वर जाऊन पेटीला हात लावून बघतो. तापली आसंल तर गोणपाट टाकू. आमच्या माठाला चालतं, हिला का न्हाई?"

सर कपाळाला हात लावून खोडदला निघून गेले. मला मान खाली घालायला लावली, क्रेनचा पाळणा आला आणि अठ्ठावन्न वर्षांचे दादाभाऊ त्यात बसून माझ्या कानापाशी पोचले. क्रेनचं इंजिन बंद केलं. खोलीच्या खिडकीत मोहिनी पडद्यासमोर बसली. मोबाइल इथे वापरायचा नाही, म्हणून दोघं ओरडून बोलत होते.

"काका, पेटी कशी आहे?"

"गार हाये, मॅडम! तिच्यापरीस माझं डोकं तापलंय!"

"खरखर चालूच आहे!"

दादाभाऊ पेटीकडे बघत बसले. बघून काय कळणार होतं? एवढ्यात खिडकीतून आवाज आला, "काका! थांबली! काय केलंत?"

"काईच न्हाई केलं. नाक खाजवलं."

"मग परत खाजवा!"

त्यांनी बिचाऱ्यांनी पुन्हा नाक खाजवलं. मग हात तसाच नाकाशी ठेवून ते थबकले. भाद्रपदातलं आभाळ, पांढरे ढग पश्चिमेकडून एकामागून एक येत होते. एका ढगाची सावली ओढ्यापलीकडच्या बाजरीच्या रानावर पडली होती. माझ्यावर आणि दादाभाऊंच्या टकलावर मात्र टळटळीत ऊन होतं.

ते हळूच म्हणाले, "आता गं बया." मग मोठ्याने ओरडले, "मॅडम, हितं ऊनच हाये! सावली तिकडं बाजरीवर पडलीय! ती सरकंपर्यंत पडद्यावरनं नजर काढू नका!"

सावली बाजरीवरून सरकली. ओढा ओलांडला. माझ्या पायांवर चढली, जाळीवर पसरली, दादाभाऊ झाकोळले. तिकडे बाजरी उन्हात पुन्हा उजळली.

"सुरू झाली!" मोहिनी किंचाळली. "काका, परत सुरू झाली!"

"आन् माझ्यावर तर आत्ता सावली हाये!" दादाभाऊ पाळण्यात उभे राहिले. "पोरी, दोष तुझ्या कानात न्हाई आन् पैलवानात बी न्हाई. ती बाजरी बोलतीया!"

तीस वर्षांत त्यांनी कुठल्या इंजिनिअरला 'पोरी' म्हटलं नव्हतं. तिनेही ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चपला घालून ओढ्याकडे पळाली. दादाभाऊ वरून ओरडत राहिले, "मला खाली घ्या की रं कुनीतरी!"

ती बाजरी ठकूबाईंची. ठकूबाई धनगरांच्या. दीर अजून मेंढरं घेऊन हिंडतात. यांनी मात्र अडीच एकरांत पाय रोवलेला. माणूस राकट, हात कामाचे आणि तोंडाला धार. कणसं चिकात आली, दाणा दुधाळ झाला, की पाखरं रानावर तुटून पडतात, म्हणून दरवर्षी त्या माळ्यावर, म्हणजे रानातल्या उंच मचाणावर, उभ्या राहून गोफण फिरवायच्या. यंदा खांदा धरला. गोफण फिरेना. मग त्यांनी डोकं चालवलं.

माळ्याशेजारी एक बांबू उभा केला होता. त्याला स्टीलची थाळी टांगलेली. थाळीसमोर जीपच्या काचेवरचा वायपर. त्याची मोटर आळेफाट्याच्या भंगारातून आणलेली आणि ती चालवायला वर सोलरची एक प्लेट. ऊन पडलं की वायपर डावीकडून उजवीकडे जायचा आणि थाळीवर दणका द्यायचा. टण्ण! टण्ण! पाखरं भुर्र. ढग आला की मोटर थांबायची आणि तेवढ्यापुरत्या ठकूबाई हातवारे करून ओरडायच्या.

खरं सांगतो, ती थाळी मला रोज ऐकू येत होती. पण थाळीचा आवाज वेगळा आणि मोटरीच्या आत उडणाऱ्या ठिणग्यांचा आवाज वेगळा. ठिणग्यांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, तो माझ्या नव्या कानाला येतो. दोन्ही एकाच घरचे आहेत, हे मला पैलवानालाही कळलं नव्हतं.

मोहिनी धापा टाकत पोचली. मागून दादाभाऊ आले. सगळं ऐकून ठकूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"बंद करू? मंग पाखरं कोन हाकलणार? तुमची ती जाळीची परात?"

दादाभाऊ म्हणाले, "आक्का, दोन दिसांचा प्रश्न हाये. गुरवारी मोठी मानसं येनार हायेत."

"भाऊ, कणसं चिकात हायेत. पाखराला दोन दिस म्हंजी वर्षाची पंगत. तुमची मानसं जेवून जातील, आमी काय खायाचं?"

दादाभाऊही शेतकऱ्याच्याच घरचे. त्यांना बाजरीची बाजू माझ्या बाजूइतकीच कळत होती. मोहिनी त्या थाळीकडे बघत होती. मग ती वायपरच्या मोटरीजवळ गेली, जोड निरखून बघितले.

"मावशी, हे तुम्ही केलं?"

"न्हाईतर काय आभाळातनं पडलं?"

"लई भारी केलंय." पारगावची बोली तिच्या तोंडून अशी अचानक बाहेर पडायची. "मला ही मोटर बंद करायची नाही. तिच्या ठिणग्या डब्यात कोंडायच्या आहेत. डबा होईपर्यंत पाखरं मी हाकलते."

ठकूबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "गोफण येती?"

"शिकेन."

"शिक मंग. उद्या दिस उगवायला माळ्यावर ये. उशीर झाला तर वायपर चालू."

मंगळवारचा तो देखावा मी जन्मात विसरणार नाही. डोक्याला रुमाल बांधून आमची इंजिनिअर माळ्यावर उभी. "हाऽऽ हाऽऽ हुर्रऽऽ!" पहिल्या तासात तिने गोफणीतून सोळा धोंडे मारले. त्यांतले चार पुढे गेले, अकरा मागे, आणि एक सरळ ओढा ओलांडून माझ्या डाव्या पायावर. टण्ण! ठकूबाई खाली बसून पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अगं, सोडायची दोरी सोड! धरायची सोडतीस व्हय!"

अकरा वाजता भरत सर आले. खोलीत पडदा चालू होता, ऊन रणरणत होतं आणि पडदा मात्र स्वच्छ होता. सर खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "मोहिनी कुठे आहे?"

दादाभाऊ एका रिकाम्या तेलाच्या डब्याला भोक पाडत बसले होते. त्यांनी मान वर न करता माळ्याकडे बोट दाखवलं.

सर बांधावर जाऊन उभे राहिले. "मोहिनी, हे काय चाललंय?"

"पाखरं राखतेय सर! खरखर इथल्या मोटरीची होती, ती बंद ठेवलीय!"

"गुरुवारी समितीपुढे तू इथून बोलणार का?"

"नाही सर, तोपर्यंत डबा होईल! हुर्रऽऽ!"

सरांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी घड्याळ बघितलं, आणि मग खाली वाकून एक ढेकूळ उचललं आणि साळुंक्यांच्या थव्यावर भिरकावलं. नेम अचूक बसला. "लहानपणी करायचो," ते ओशाळून म्हणाले.

बुधवारी डबा तयार झाला. मोटर डब्यात, फक्त वायपरचा दांडा बाहेर. डब्याला तार जोडून ती जमिनीत गाडली. मोहिनीने मोटरीच्या तोंडाशी ठिणग्या शोषणारे दोन छोटे कपॅसिटर बसवले. ऊन पडलं, थाळी वाजली आणि पडद्यावर खरखर उमटली. निम्मी झाली होती, पण होती.

मोहिनीचा चेहरा उतरला. तिने डबा पुन्हा उघडला, बंद केला. दादाभाऊंनी झाकण ठोकून बसवलं. फरक पडेना. दुपार टळली. उद्या सकाळी समिती.

"वायरी," ती शेवटी म्हणाली. "प्लेटपासून डब्यापर्यंतच्या दोन वायरी. मोटरीतनं सुटलेल्या ठिणग्या त्यांच्यावरून बाहेर पडतायत. त्या एकमेकींभोवती घट्ट पिळायला हव्यात, अगदी एकसारख्या." तिने पिळून बघितल्या. कुठे घट्ट, कुठे सैल.

"आण हिकडं," ठकूबाई म्हणाल्या.

त्यांनी वायरींची टोकं पायाच्या अंगठ्यात धरली आणि तळहातावर वळायला सुरुवात केली. लोकर वळायचा हात तो. जन्मभर घोंगड्याची सुतं काढलेला. दहा मिनिटांत दोन वायरींची एक सुरेख वेणी झाली. पीळ न पीळ सारखा. यंत्राने केली असती तर एवढी देखणी झाली नसती.

ढग सरकला, ऊन पडलं. टण्ण! टण्ण! थाळी वाजत होती, पाखरं उडत होती आणि माझ्या कानात… काही नाही. नीरव शांतता. पाठीमागून दूरच्या दीर्घिकेची बारीक कुजबुज तेवढी येत होती. मोहिनी पडद्यासमोर तोंडावर हात धरून बसली. दादाभाऊंनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या पायावर थाप मारली. "वाचलास रं पैलवान."

ठकूबाई जाता जाता खोलीत डोकावून एवढंच बोलल्या, "बाई, मोटर लावायच्या आधी कुनी येऊन सांगितलं असतं, तर ह्यो डबा मी आधीच केला असता. आमाला इचारायला येतंय कोन?"

मोहिनी दारातच थांबली. मग खोलीत परत आली आणि आराखड्यात एक पान वाढवलं. पानाचं नाव 'शेजारी'. नवा कान जितका तीक्ष्ण, तितका त्याला शेजाऱ्यांचा त्रास जास्त. तेव्हा पेरणीच्या आधी शिवारात जायचं, कुणाकडे कुठली मोटर, कुठलं यंत्र येणार ते विचारायचं आणि त्यांच्याबरोबर बसून डबे करायचे. बंद करा म्हणून सांगायचं नाही.

गुरुवारी समिती आली. पाच जण, दोन गाड्या. मला पूर्वेकडे वळायला सांगितलं आणि मी इतका प्रयत्न करूनही 'कुंईंऽऽ' केलंच. सगळ्यांनी वर बघितलं. दादाभाऊ कुणाच्याही आधी म्हणाले, "नमस्कार करतोय तुमाला."

अध्यक्षीणबाई पांढऱ्या केसांच्या, करड्या नजरेच्या. त्यांनी पडदा तासभर बघितला. आकडे विचारले, पुन्हा विचारले. मग 'शेजारी' पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "एवढ्या आराखड्यात हे एकच पान मला आधी कुठे वाचायला मिळालं नव्हतं. कुणाची कल्पना?"

"बाजरीच्या मालकिणीची," मोहिनी म्हणाली.

"त्यांना बोलवा."

ठकूबाई आल्या, हातात विळा तसाच. खोलीत सगळे उभे राहिले, त्या मात्र भिंतीला टेकून खाली बसल्या. अध्यक्षीणबाईही त्यांच्याशेजारी खाली बसल्या. मोहिनीने विचारलं, "मावशी, हा काय ऐकतो ते ऐकायचंय?" आणि तिने माझा कान एका पल्सारकडे लावला. पल्सार म्हणजे मेलेला तारा, स्वतःभोवती गरगर फिरणारा. दर फेऱ्याला त्याचा एक ठोका आमच्याकडे येतो. मोहिनीने तो स्पीकरवर लावला.

टक्. टक्. टक्. टक्.

ठकूबाईंनी मान तिरकी केली. "कुनाची थाळी ही?"

"एका ताऱ्याची. तो मेलाय मावशी, पण अजून फिरतोच आहे. हा आवाज तिथून निघाला तेव्हा आपल्याकडे शिवाजी महाराजही जन्मले नव्हते."

ठकूबाईंनी बोटांवर ठोके मोजले. मग त्या म्हणाल्या, "मेल्यावर बी थाळी वाजिवतोय. रान तरी कुनाचं राखतोय येवढं?"

अध्यक्षीणबाईंनी आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. तीस वर्षं मी तो ठोका ऐकतोय, मलाही हे विचारायचं सुचलं नव्हतं.

आराखडा दिवाळीनंतर पुढे गेला. नवा कान घेतला. जुन्यांपैकी कुणालाही काढायचं नाही, सगळ्यांना क्रमाने नवा कान बसवायचा असं ठरलं. परीक्षेसाठी लावलेला कान मात्र सुधारणेसाठी पुण्याला गेला आणि माझ्या डोक्यावर पुन्हा जुना आला. क्रम लागला त्यात माझा नंबर सतरावा. सतरावा! ज्याने सगळ्यांच्या वतीने परीक्षा दिली, तो सतरावा! सरकारी रांग म्हणतात ती हीच. मोहिनीने खूप बाजू मांडली, पण रांग ती रांग.

दादाभाऊ येत्या फाल्गुनात निवृत्त होतील. माझा नवा कान त्यांच्या हाताने चढणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. परवा वंगण लावताना ते कमरेच्या चाकाशी बराच वेळ थांबले होते. "नवा मेकॅनिक येईल," ते म्हणाले. "त्यो तुझं कण्हणं बंद करील बहुतेक. हुशार असत्यात आताची. पर मी काय म्हंतो, थोडं ठेव. वळखू यायला."

आराखड्यातल्या नव्या अँटेनांपैकी एक माझ्या शेजारी यायची आहे, आमच्याच आवारात. त्या जागी मागच्या आठवड्यात मोजणी करून एक लाकडी खुंटी ठोकली. वर चुन्याचा ठिपका. एवढाच सध्या माझा धाकटा भाऊ. त्याला उभं राहायला पाच वर्षं लागतील, नाहीतर दहा. बैठका किती होतात, त्यावर आहे.

काल ठकूबाईंनी त्या खुंटीला शेळी बांधली. दादाभाऊ ओरडत गेले, "आक्का, आगं तिथं दुर्बीण हुनार हाये!"

"व्हईल तवा सोडीन की," ठकूबाई म्हणाल्या.

शेळी दुपारभर तिथे चरली. खुंटी जागची हलली नाही. मी वरून बघत होतो आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला. आमच्या धंद्यात पहिला गुण तोच लागतो.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही या बाजूला याल, ते बहुधा माझा धाकटा भाऊ उभा राहिल्यावरच याल. तेव्हा त्याची जाळी चकचकीत असेल, कान नवा असेल, आणि सगळे त्याचेच फोटो काढतील. काढू द्या. फक्त पाच मिनिटं त्याच्या पायाशी गप्प उभे राहा आणि ओढ्यापलीकडे कुणाचं काय पीक आहे, तेवढं जाऊन विचारा. त्याला कुणीतरी ते सांगितलं पाहिजे. मी सांगेनच, पण मला आता पूर्वेकडे वळायची वेळ झाली. थोडं कण्हावं लागेल. कान झाका.